न आलेला पाहुणा

परळच्या आमच्या खोलीला मागल्या बाजूस एक खिडकी होती. तिला गज नव्हते. कापसाच्या गाठींना आवळलेल्या असतात त्या लोखंडी पट्ट्या उभ्या-आडव्या ठोकून तिची जाळी केलेली होती. गिरणगावात याचे कोणाला नवल वाटत नसे. गिरणीने भंगारात काढलेल्या पट्ट्या आणि तरटे चाळीचाळीतून पोहोचत. तरटांची पायपुसणी होत, पट्ट्यांच्या खिडक्या होत. आमच्या जाळीत मात्र पट्ट्या दोन प्रकारच्या होत्या. तापाने अंथरुणावर पडलो की त्या मोजणे हा माझा लहानपणचा उद्योग. त्यांतल्या काही अंमळ रुंद होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवले की वडील म्हणत, "ती औषधाच्या गाठीची."

वडील मिक्सिंग खात्यात होते. गाठ फोडायची, दाबून दगड झालेला कापूस हाताने मोकळा करायचा आणि पुढे ब्लो रूमकडे पाठवायचा, हे त्यांचे काम. १९६५ साली ते बदली म्हणून लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर त्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्यामुळे गिरणी मी पाहिली ती त्यांच्या बोलण्यातूनच. त्या बोलण्यात गाठींच्या दोन जाती असत : 'आपली' आणि 'औषधाची'. आपली गाठ ३९२ पौंडांची. दोन गाठी म्हणजे ७८४ पौंडांची एक खंडी. औषधाची गाठ अमेरिकेची, पाचशे पौंडांच्या आसपास भरणारी. "जहाजातून आली की तिला धुरी देतात. पोटात किडा असतो म्हणे," ते सांगत. "तुम्ही पाहिलात कधी?" असे विचारले की हसून म्हणत, "सतरा वर्षांत एक नाही."

हे बोलणे मी विसरूनही गेलो असतो. त्याची आठवण झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात, सासुरवाडीला. माझी सासुरवाडी यवतमाळ जिल्ह्यातली. सासऱ्यांची कपाशी कोरडवाहू, काळ्या रानातली. त्या वर्षी रान दुरून हिरवेगार दिसत होते. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) एक बोंड तोडले, अंगठ्याने फोडले आणि माझ्या तळहातावर ठेवले. आत कापसाची पाकळी पिवळी पडून घट्ट चिकटलेली, सरकी पोखरलेली, आणि तिच्यात लग्नातल्या अक्षतेएवढी गुलाबी अळी अंग आखडून बसलेली. जुनी माणसे हिला शेंदरी म्हणतात. ज्या फुलात ती शिरते त्याच्या पाकळ्या उमलतच नाहीत, मिटून राहतात. तिकडे त्यांना डोमकळ्या म्हणतात. फवारणी वरून होते, अळी आत असते. बोंड फोडल्याखेरीज ती दिसत नाही आणि फोडून पाहण्याइतका वेळ झालेला असतो तेव्हा उशीर झालेला असतो. मामा फारसे बोलणारे गृहस्थ नव्हेत. रानातून परतताना मात्र त्यांनी मला एक प्रश्न टाकला. "जवाईबुवा, आमचा कापूस शंभर-दीडशे वर्ष तुमच्या मुंबईले गेला. तुमच्या गिरण्या झाल्या, माड्या झाल्या. मुंबईनं आमच्या कापसासाठी काय केलं, सांगा एखादी गोष्ट."

मला सांगता आले नाही. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. कादंबऱ्या लिहितो त्याही गिरणगावाच्या, म्हणजे कापूस गिरणीत शिरल्यानंतरच्या. मुंबईला परतल्यावर वडिलांची औषधाची गाठ आठवली आणि सुट्टीत ग्रंथालयातून ती उलगडायला बसलो. जे सापडले ते मामांच्या प्रश्नाचे उत्तर आहे की नाही हे माझे मलाच नीट ठरवता आलेले नाही.

औषधाच्या गाठीतला तो किडा म्हणजे एक सोंड्या आहे. तांदळात सोंडे होतात ते घरोघरी ठाऊक आहेत; हा त्यांचाच भाऊबंद. अंगाने पाव इंच, आणि त्याच्या निम्म्याला सोंड. लालबागच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवला तेव्हा वर्गात एकच गलका झाला, "सर, गणपती!" पण याची करणी विघ्नहर्त्याची नाही. मादी कपाशीच्या पात्यात आणि कोवळ्या बोंडात सोंडेने भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते. अंड्यातली अळी आतून खाते. पाते पिवळे पडून गळते. हा मूळचा मेक्सिकोकडचा. १८९२ च्या सुमारास तो नदी ओलांडून टेक्सासमध्ये ब्राउन्सव्हिल गावाजवळ आला आणि तेथून दरसाल काही कोस पूर्वेकडे सरकत पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेचा जवळजवळ सगळा कपाशीचा मुलूख त्याने व्यापला. दक्षिणेतले बटाईदार, त्यांतही काळे बटाईदार, गावे सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघाले त्याच्या अनेक कारणांत हा पाव इंचाचा प्राणीही होता. अलाबामात एंटरप्राइज नावाचे एक गाव आहे. तेथल्या शेतकऱ्यांनी कपाशी सोडून भुईमूग धरला, त्यात त्यांचे बरे झाले, आणि १९१९ साली गावकऱ्यांनी भर चौकात या किड्याच्या नावे स्मारक उभारले. हात उंचावलेली एक बाई. प्रत्यक्ष किडा तिच्या हातांवर बसवला तो तीस वर्षांनी, १९४९ साली! आपल्याकडे पुतळ्यांची हौस कमी नाही, पण हे काही आपल्याला सुचले नसते.

तर हा प्राणी टेक्सासात होता आणि मुंबईत त्याची धास्ती घेतली गेली ती १९०६ साली. परदेशातून येणाऱ्या कापसाच्या गाठींना मुंबई बंदरात धुरी दिलीच पाहिजे, असे त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने ठरवले. परदेशी किडीला वेशीवर अडवण्याचा आपल्या देशातला पहिला सरकारी प्रयत्न म्हणून याच हुकुमाचे नाव घेतात.

तो त्याच वेळी का निघाला, याचा विचार करताना मला दहा वर्षे मागे जावेसे वाटते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. तो समुद्रमार्गे, हाँगकाँगच्या बाजूने आला असे मानतात. पुढच्या काही महिन्यांत गिरण्यांतली माणसे कोकणात आणि घाटावर पळाली. सरकार जागे झाले ते रोग घरात शिरल्यावर, आणि मग रोगामागून स्वतःही घरात शिरले. १८९७ च्या साथीच्या कायद्याने अंथरुणे जाळली, माणसे उचलून नेली; पुण्यात त्याचे पर्यवसान कशात झाले ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. आलेल्या पाहुण्याला घालवायचे तर घराघरांत शिरावे लागते. धक्क्यावरच अडवला तर कोणाच्या देवघरात बूट घालून जावे लागत नाही. प्लेगवरून सरकार हे शिकले असे मी कोणत्याही कागदावर वाचलेले नाही, हा माझा कादंबरीकाराचा तर्क आहे. पण ज्या शहराने हे भोगले त्याच शहरात, दहाच वर्षांनी, कापसासाठी तसाच उंबरठा आखला गेला.

त्या काळी हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. १९०३ साली ते या पदावर आले, बिहारात पुसा येथे त्यांचे काम चाले. हिंदुस्थानातल्या पिकांवरील किडींचे त्यांचे पुस्तक १९०६ चेच. या गृहस्थाचा शेवट मला चटका लावून गेला. मायदेशी परतून प्राध्यापक झालेले लेफ्रॉय १९२५ साली लंडनच्या प्रयोगशाळेत किडे मारण्याच्या वायूचे प्रयोग करीत होते. त्याच वायूने ते गुदमरले आणि गेले.

किड्याला मारील आणि माणसाला सोडील असे औषध तेव्हा नव्हतेच. गाठींना धुरी दिली जाई ती हायड्रोसायनिक आम्लाच्या वायूची. त्याला कडू बदामासारखा वास असतो आणि तो वास सगळ्यांच्या नाकाला येत नाही. काहींना जन्मतःच येत नाही. बंदरावर हे काम करणाऱ्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मी गिरणगावावर पाच कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत जॉबर आहेत, खानावळवाल्या बाया आहेत, तमासगीर आहेत. धुरी देणारा एकही नाही.

शिवाय कापसाची दाबलेली गाठ ही धुरीला मोठी अवघड वस्तू. वायू वरवर फिरतो, आत शिरायला मागत नाही. सोंड्या तर असा की कोरड्या अडचणीत बसून अन्नावाचून महिनेच्या महिने काढील. हा पेच सोडवण्याचे काम पुढे आपल्याच दारात, माटुंग्याला झाले. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, १९२४ साली तिने माटुंग्यास प्रयोगशाळा उघडली. तिचे पहिले संचालक टर्नर यांनी दाबलेल्या गाठींना या वायूची धुरी कशी द्यावी यावर प्रयोग केले. ती संस्था दुसऱ्या नावाने आजही तेथे आहे. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. आत कापसाच्या धाग्याची लांबी मोजतात एवढेच मला ठाऊक होते.

आता या साऱ्याचा खरा गाभा : कायदा. १९०६ चा हुकूम एका मालापुरता होता. सर्वांना लागू होईल असा कायदा झाला तो फेब्रुवारी १९१४ मध्ये; त्या सालचा दुसरा कायदा, पिकांचा नाश करणारे कीटक आणि रोग देशात येऊ न देण्यासाठी केलेला. मी तो वाचला. कलमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या शाळेच्या गॅदरिंगची नियमावली याहून मोठी असते. पण त्यातली एक युक्ती पाहण्यासारखी आहे. काय येऊ द्यायचे आणि काय नाही हे मध्यवर्ती सरकार शेतीच्या जाणकारांच्या सल्ल्याने ठरवणार. पण ते अडवायला त्या जाणकारांकडे ना शिपाई, ना गोदाम, ना होडी. म्हणून कायद्याने म्हटले की असा हुकूम निघाला की तो १८७८ च्या सागरी जकातीच्या कायद्याखाली निघाला असे समजावे, आणि बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांना चोरट्या मालाबाबत जे अधिकार असतात तेच येथेही असावेत. म्हणजे किडा हा चोरटा माल ठरला! माल आल्यावर तो अडकवून ठेवणे, तपासणे, शुद्ध करणे किंवा नष्ट करणे यांचे नियम प्रांतिक सरकारांनी करायचे. पुसाचा पंडित, बॅलार्ड इस्टेटचा जकातवाला आणि प्रांताचा अंमलदार, एरवी तीन दिशांना तोंडे असलेली ही मंडळी एका कागदाने एका दाव्याला बांधली गेली. १९१७ च्या नियमांनी तर टपालाने झाडेझुडपे मागवणेही बंद केले. पत्राच्या पाकिटातून गुलाबाची फांदी येत असेल तर तिच्याबरोबर आणखी कोणी येत असेल, हा त्यामागचा हिशेब.

सरकारला हा शहाणपणा शेतकऱ्याच्या कळवळ्याने सुचला असे मी म्हणणार नाही. कापूस म्हणजे जकात, रेल्वेचे भाडे आणि लँकेशायरची काळजी. त्यात मुंबईच्या गिरणीमालकांचीही ओढ वेगळी होती. आपला कापूस आखूड धाग्याचा. जाडेभरडे सूत चीनला विकण्याचे दिवस संपले, जपान अंगावर आला, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर आमच्या गिरण्या बारीक सुताकडे वळल्या. बारीक सुताला लांब धागा हवा, आणि तो पुरेसा मिळायचा तर अमेरिका. म्हणजे लालबागेतल्या चात्या फिरत्या ठेवायला जो कापूस हवा त्यातच वऱ्हाडच्या कपाशीचा काळ बसलेला. सरसकट बंदी घातली तर मालक ओरडणार, मोकळे सोडले तर वऱ्हाड धोक्यात. सरकारने मधली वाट काढली ती मला आजही शहाणपणाची वाटते : अमेरिकन कापूस येऊ द्यायचा, पण सगळ्या देशाला मिळून एकाच दाराने, मुंबई बंदरानेच, आणि धुरी घेऊन. बंदरे पुष्कळ होती. पण दहा दारांवर दहा दरवान ठेवले की एक तरी झोपतो.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेशी १९५६ साली पी. एल. ४८० चा करार झाला. त्यात गव्हाबरोबर कापूसही येऊ लागला. त्यानंतरच्या वर्षांतल्या औषधाच्या गाठी वडिलांनी फोडल्या. ज्याला शोधण्यासाठी एवढा खटाटोप, तो सोंड्या त्यांना सतरा वर्षांत दिसला नाही. नंतरही कोणाला दिसला नाही. १९८३ साली तो ब्राझीलला पोहोचला आणि तेथल्या कपाशीची त्याने दैना केली. हिंदुस्थानच्या रानात तो अजून नाही.

हे मी मामांना पत्राने कळवले. (त्यांना फोनपेक्षा पत्र आवडते.) उत्तर आले ते एका ओळीचे : "मग ही गुलाबी कोठची?"

तिचा शोध घेतला आणि माझी मान खाली गेली. गुलाबी अळी ही कोठून आलेली नाही. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने केले ते आपल्या भडोचच्या कपाशीतून मिळालेल्या नमुन्यांवरून. सरकीच्या आत शिरून ती महिनोन्महिने झोपते. सरकी जाईल तेथे ती जाते. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या मालाबरोबर ती इजिप्तला पोहोचली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ साली मेक्सिकोला. १९१७ साली टेक्सासमध्ये. वर्षे पुन्हा एकदा पाहावीत. ज्या वेळी मुंबई बंदरात अमेरिकेच्या गाठींना धुरी देण्याचा हुकूम निघाला, जवळपास त्याच वेळी आपल्या देशातून आपली अळी बाहेर पडत होती, आणि तिला धुरी द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. १९१४ च्या कायद्याचे शब्दही देशात काय येते एवढ्यापुरतेच. काय जाते याची जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर.

अमेरिकेने तिला शंभर वर्षे झुंज दिली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात आपले कपाशीचे रान तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले, कपाशी उपटण्याच्या तारखा सक्तीने पाळल्या, बीटी वाणही वापरले. आपल्याकडे २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांची आली. २०१० साली गुजरातेत पहिल्या जनुकाला ही अळी पचवू लागल्याचे बियाणे कंपनीनेच सांगितले, आणि २०१७ साली ती मामांच्या रानात होती. कृषी खाते सांगते की डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, फरदड घेऊ नका. बरोबरच आहे. पण हा दरवाजा बंदरावरचा नव्हे. तो लाखो शेतकऱ्यांच्या बांधावर आहे, आणि पाणी असेल तर फरदडीतून चार क्विंटल जास्त निघतात हे ज्याला कर्ज फेडायचे आहे त्याला कळते.

वेशीवरचा दरवानही पुढे सगळीकडे जागा राहिला असे नाही. १९५५ साली पुण्याच्या उकिरड्यावर एक पांढऱ्या फुलांचे गवत दिसले, त्याला आपण गाजरगवत म्हणतो. लोकांनी त्याचा दोष पी. एल. ४८० च्या गव्हाला दिला आणि त्यावरून त्याला राजकीय नावही ठेवले. करार त्यानंतरच्या वर्षीचा, हे कोणी पाहिले नाही. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ च्या कर्जापासून येत होता. उपाशी देशाने धान्याचे जहाज बंदराबाहेर ताटकळत ठेवावे, असे म्हणण्याची माझी छाती नाही. रेशनच्या रांगेत आमची आजीही उभी होती. २०१८ साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ती तर पतंग होऊन उडते, तिला जकात नाही. शेती, जंगल, पाणी, आरोग्य अशी खाती निरनिराळी आणि किडा सगळ्यांचा. ती एका छताखाली आणणारे विधेयक २०१३ साली लोकसभेत मांडले गेले. पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेले.

गेल्या वर्षी मामा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आले होते. पट्टी सुटल्यावर त्यांना मी शिवडीला घेऊन गेलो. कॉटन ग्रीन स्टेशनावर उतरलो. नाव अजून कापसाचे आहे. कुलाब्याचा कापसाचा बाजार या बाजूला आला त्या वेळचे. तेथून शिवडीत हाजीबंदर रस्त्याला गेलो. तेथे केंद्र सरकारचे वनस्पती संगरोध केंद्र आहे. संगरोध हा शब्द मला कोशात पाहावा लागला होता, मामा म्हणाले, "म्हंजे कारंटीन." पाहण्यासारखे तेथे काही नव्हते. फाटक, पाटी, कंटेनरवाल्या ट्रकांची रांग, खाडीचा वास. मामा नव्या डोळ्यांनी पाटी दोनदा वाचून उभे राहिले. मग म्हणाले, "अडवला म्हंता तो किडा. बरं केलं. तो आला असता तर मले कळलंच असतं. नाही आला, तं कसं कळावं?"

घरी आल्यावर मी माळ्यावरून एक पट्टी काढली. चाळ पाडली तेव्हा वडिलांनी खिडकीतून उपटून जपून ठेवलेली, रुंद, औषधाच्या गाठीची. मामांनी ती वाकवून पाहिली, गंजावर नख फिरवले, दोन्ही टोकांची भोके बघितली. गोठ्याच्या दाराचा बिजागरीकडचा भाग सुटत होता, त्याला ही नेमकी बसेल, म्हणाले. आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली.